वरची टाकी, खालची टाकी



कुठल्याही हॉस्टेलला दोन टाक्या असतात. एक वर, गच्चीवर. तिच्यातलं पाणी आपण पितो, अंघोळीला वापरतो, आणि सकाळी सातला ती रिकामी झाली की सगळे मिळून रेक्टर सरांच्या नावाने ओरडतो. दुसरी खाली, बहुधा मेसच्या मागे किंवा कुंपणाच्या कडेला. कधी ती सेप्टिक टँक असते, कधी छोटा एस.टी.पी. म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प. तिच्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावण्यापलीकडे तिची कुणी दखल घेत नाही.

गंमत अशी की दोन्ही टाक्यांत विषय एकच आहे : सूक्ष्मजीव. वरच्या टाकीत ते नकोत म्हणून आपली धडपड. खालच्या टाकीत ते हवेत म्हणून त्यांना हवा पुरवायची, खाऊ घालायचं, आणि मेले तर दुसरीकडून उसने आणायचे! एकाच आवारात मारणं आणि पाळणं ही दोन्ही कामं चालू असतात, पण दोन्हीकडचे नियम मात्र तेच. सूक्ष्मजीवाला तीन गोष्टी लागतात : अन्न, हवा (काहींना ती असावी लागते, काहींना नसावी लागते) आणि वेळ. या तिन्हींवर ज्याचा ताबा, त्याचा सूक्ष्मजीवांवर ताबा. सिव्हिलच्या मुलांना यातलं बरंचसं परीक्षेपुरतं माहीत असेल. पण मेकॅनिकल, कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनीही वाचावं, कारण कावीळ ब्रँच विचारून होत नाही.

आधी ओळख परेड

पाण्यातून येणारे पाहुणे ढोबळमानाने चार प्रकारचे. जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया : आकार साधारण १-२ मायक्रॉन. कॉलरा, टायफॉइड, आमांश ही यांची कामं. विषाणू, म्हणजे व्हायरस : त्याहून कितीतरी लहान, मायक्रॉनच्या काही शतांशांएवढे. कावीळ करणारे हेपटायटिस ए आणि ई यांतले. तिसरे एकपेशीय प्रोटोझोआ : जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम वगैरे. यांची अंगावर कवच घेतलेली अवस्था ४ ते १० मायक्रॉनची असते आणि भलतीच चिवट असते. चौथी जंतांची अंडी : आकाराने मोठी, सहज गाळली जाणारी, पण गाळात महिनोन्‌महिने टिकणारी.

यातल्या प्रत्येकाला पाण्यात शोधत बसणं परवडणारं नाही. म्हणून एक खबऱ्या ठेवलेला आहे : ई. कोलाय. हा माणसाच्या आणि गरम रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो. त्याच्या बऱ्याच जाती निरुपद्रवी आहेत. पण तो पाण्यात सापडला याचा अर्थ त्या पाण्यात कुणाची तरी विष्ठा मिसळली आहे, आणि तो आला त्या वाटेने बाकीचेही येऊ शकतात. म्हणून आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आय.एस. १०५०० मध्ये, नियम सरळ आहे : १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये. तिथे ग्रेस मार्क नाहीत.

एक नदी, दोन शहरं

ही सगळी काळजी पुस्तकी नाही, हे पटवून देणारं उदाहरण जर्मनीतलं आहे. एल्ब नदीच्या काठी हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरं एकमेकांना खेटून होती. हॅम्बुर्ग वरच्या अंगाला, आल्टोना खालच्या. हॅम्बुर्ग नदीचं पाणी उचलायचं, हौदात थोडं स्थिर करायचं आणि न गाळता नळाला सोडायचं. आल्टोनाच्या वाट्याला त्याहून घाण पाणी यायचं, कारण त्यात हॅम्बुर्गचं सांडपाणीही मिसळलेलं असायचं. पण आल्टोना ते पाणी वाळूच्या संथ गाळणीतून गाळून मगच लोकांना द्यायचं.

ऑगस्ट १८९२ मध्ये कॉलरा आला. हॅम्बुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसं मेली. आल्टोनाला त्या मानाने फारच थोडी झळ लागली. दोन शहरांच्या हद्दीवर असे रस्ते होते की एका बाजूच्या घरांत कॉलरा आणि समोरच्या बाजूला जवळजवळ नाही. हवा तीच, नदी तीच, माणसं तशीच. फरक फक्त गाळणीचा. तपासणीसाठी आलेल्या रॉबर्ट कॉख यांनी पुढे गाळलेल्या पाण्यासाठी एक मर्यादाच घालून दिली : एका मिलिलिटरमध्ये जिवाणूंची संख्या १०० च्या वर जाऊ नये. पाणी 'स्वच्छ दिसतं' यावर न थांबता मोजायला सुरुवात झाली. व्यवस्थापन म्हणतात ते इथून सुरू होतं.

आता यातली खरी मेख पाहा. ती संथ गाळणी काम कशी करते? वाळूच्या वरच्या थरावर काही दिवसांत एक बुळबुळीत साय जमते. ती साय म्हणजे जिवाणू, शेवाळ आणि प्रोटोझोआ यांची वसाहत. तिथे घाण अडकते, आणि आलेल्या रोगजंतूंना तिथले रहिवासी खाऊन टाकतात. म्हणजे वरच्या टाकीचं पाणी शुद्ध करायला आल्टोनाने सूक्ष्मजीवच कामाला लावले होते. साय फार जाड झाली की पाणी झिरपेनासं होतं. मग वरचा थर खरवडायचा आणि नवी साय धरेपर्यंत थांबायचं.

वरची टाकी : अडवा, मारा, परत वाढू देऊ नका

आजच्या शहरी जलशुद्धीकरण केंद्रात संथ गाळणीऐवजी जलद गाळणी असते, पण क्रम ठरलेला आहे. आधी तुरटी. आपल्याकडे खेड्यापाड्यांत गढूळ पाण्यात तुरटी फिरवायचे, तेच तत्त्व. मातीचे बारीक कण आणि जिवाणू या दोघांवरही ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो प्रभार मोडतं, कणांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. मग वाळूची गाळणी. या दोन पायऱ्यांतच बहुतेक सूक्ष्मजीव अडकतात. क्लोरीन शेवटी येतो, उरल्यासुरल्यांसाठी. हा क्रम लक्षात ठेवा, कारण गढूळ पाण्यात नुसती पावडर टाकून मोकळं होण्याची आपल्याकडे सवय आहे. मातीच्या कणाआड लपलेल्या जिवाणूपर्यंत क्लोरीन पोचतच नाही.

क्लोरीनचा हिशेब सोपा आहे. पाण्यात टाकलेला क्लोरीन आधी लोह, अमोनिया आणि कुजकी घाण यांच्यावर खर्च होतो. ही झाली क्लोरीनची 'मागणी'. ती भागवून जो उरतो तो 'अवशिष्ट क्लोरीन', आणि संरक्षण देतो तो हा उरलेला. मानकाप्रमाणे नळाशी तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. विषाणूंची भीती असेल तर ०.५.

दुसरी गोष्ट वेळ. मारण्याची ताकद म्हणजे क्लोरीनचं प्रमाण गुणिले संपर्काची वेळ. लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि ३० मिनिटं, म्हणजे १५. बहुतेक जिवाणूंना एवढं पुरतं. टाकीत पावडर टाकून पाच मिनिटांत नळ सोडला तर गुणाकार कमी पडतो. तिसरी गोष्ट सामू, म्हणजे पी.एच. तो साडेसातच्या वर गेला की जास्त प्रभावी असलेलं हायपोक्लोरस आम्ल कमी होतं आणि त्याचं दुबळं रूप वाढतं. डोस तोच, परिणाम कमी.

आता घरगुती गणित. ब्लीचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतीत 'टी.सी.एल.' म्हणतात, ताजी असेल तर तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. १,००० लिटरच्या टाकीत ५ ग्रॅम पावडर म्हणजे लिटरला १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन. पावडर बादलीभर पाण्यात कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. पण उघड्या पोत्यात, दमट खोलीत वर्षभर पडलेल्या पावडरीत क्लोरीन राहिलेलाच नसतो. तेव्हा आपण पाण्यात क्लोरीन टाकत नसतो, चुना टाकत असतो! म्हणून टाकणं हे अर्धं काम, तपासणं हे उरलेलं अर्धं. नळाच्या पाण्यात तपासणीचा थेंब किंवा गोळी टाकली की रंग येतो : ओ.टी. चाचणीत पिवळा, डी.पी.डी. चाचणीत गुलाबी. दोन मिनिटांचं काम आहे.

क्लोरीन म्हणजे रामबाण नाही

हे दाखवणारं मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचा प्रवाह फिरला आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी उलटं वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोचलं. केंद्रातल्या लोकांच्या ते लक्षात आलं, त्यांनी तुरटी आणि क्लोरीनचे डोस वाढवले. परिणाम? टायफॉइड आणि आमांश यांची साथ आली नाही, म्हणजे जिवाणू मेले. पण डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. विषाणू त्यातून निसटला होता. पुढे कित्येक वर्षांनी, जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर, तो हेपटायटिस ई होता हे कळलं. गरोदर स्त्रियांना हा आजार जिवावर बेततो. खबऱ्या मेला म्हणजे सगळी टोळी संपली असं नव्हे, हा त्यातला धडा.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराचं. १९९३ मध्ये तिथे क्रिप्टोस्पोरिडियममुळे अंदाजे ४ लाख लोकांना जुलाब झाले. या प्राण्याच्या कवचापुढे नेहमीच्या डोसचा क्लोरीन हतबल असतो. वर सांगितलेला गुणाकार इथे १५ वरून हजारोंच्या घरात जातो. त्याला अडवते ती गाळणी, आणि त्या दिवसांत गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा वाढलेला होता. अतिनील किरणांपुढे, म्हणजे यू.व्ही.पुढे, मात्र हाच प्राणी सहज नमतो. म्हणूनच शहाणा इंजिनिअर एकाच भिंतीवर विसंबत नाही. स्रोत जपा, गाळा, मारा आणि नळापर्यंत राखण ठेवा, अशा चार भिंती उभ्या करतो.

शेवटची भिंत आपल्याकडे फार महत्त्वाची. आपला पाणीपुरवठा दिवसातून काही तासच असतो. पाणी बंद झालं की पाइपमधला दाब जातो, आणि गळक्या जोडातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून गटार जात असेल तर काय होईल ते सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव या भागात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले, आणि एकूण आकडा २०० च्या पुढे गेला. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. जुलाब होऊन गेल्यावर काही जणांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात. 'पोट बिघडलंय, होईल बरं' एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही ती अशी.

'पण आमच्याकडे आर.ओ. आहे!' बरोबर आहे. आर.ओ.चा पडदा सूक्ष्मजीव अडवतो, पण त्या यंत्रात पाण्यातला क्लोरीनही निघून जातो. त्यामुळे पुढच्या कूलरमध्ये, जारमध्ये आणि तोटीत पाणी संरक्षणाविना असतं. कूलरच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर तिथे वसाहत झालेली आहे. आल्टोनाच्या गाळणीत हीच साय उपकारक होती. कूलरमध्ये तिच्यावर कुणाचा ताबा नाही.

खालची टाकी : पाळा, पण हिशेबाने

आता जिना उतरू या. ५०० मुलांचं हॉस्टेल धरा. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के गटारात जातं. म्हणजे रोज ५४,००० लिटर सांडपाणी. घरगुती सांडपाण्याचा बी.ओ.डी. लिटरला साधारण २५० मिलिग्रॅम. बी.ओ.डी. म्हणजे त्यातली घाण खाऊन संपवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश तापमानाला ३ दिवसांची करतात. गुणाकार केला तर रोजची मागणी १३.५ किलो ऑक्सिजनची. हे सांडपाणी तसंच ओढ्यात सोडलं, तर हा ऑक्सिजन ओढ्यातून जातो आणि मासे मरतात. म्हणून आपण टाकी बांधतो, ब्लोअरने हवा भरतो आणि जिवाणूंना सांगतो, बाबांनो, जेवण इथेच उरका.

याला काळ किती लागतो? १९१४ साली मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी घेऊन हवा सोडून पाहिली. घाण पूर्ण जिरायला सुमारे पाच आठवडे लागले. एवढा वेळ कुठल्या शहराला परवडणार? मग त्यांनी साधीच गोष्ट केली. पाणी निवळल्यावर वरचं पाणी ओतून टाकलं, पण तळाचा गाळ फेकला नाही. त्याच गाळावर नवं सांडपाणी ओतलं, पुन्हा हवा सोडली. असं करत गेल्यावर गाळ वाढत गेला आणि वेळ कमी होत गेला. शेवटी पाच आठवड्यांचं काम २४ तासांच्या आत आलं. गाळ म्हणजे घाण नव्हती, ती प्रशिक्षित कामगारांची फौज होती. तिलाच 'ॲक्टिव्हेटेड स्लज' हे नाव मिळालं. या प्रयोगांमागे ज्यांची प्रेरणा होती ते गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले.

घरी विरजण लावतो तसंच हे. दुधाचं दही व्हायला आधीच्या दह्याचा चमचा लागतो. फरक इतकाच की इथे चमच्याऐवजी बादल्या भरून विरजण परत टाकतात. त्यामागचं तत्त्व मात्र परीक्षेतही विचारतात आणि आयुष्यातही उपयोगी पडतं : पाण्याचा मुक्काम वेगळा आणि जिवाणूंचा मुक्काम वेगळा. पाणी टाकीत काही तासच थांबतं. जिवाणू मात्र, गाळ परत फिरवल्यामुळे, कित्येक दिवस राहतात. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. गाळ परत फिरवला नाही तर ते वाढायच्या आत वाहून जातील.

पण नुसतं साठवूनही चालत नाही. रोज १३.५ किलो बी.ओ.डी. खाऊन ढोबळमानाने ५-६ किलो कोरडा नवा गाळ तयार होतो. द्रवरूपात तो ५००-६०० लिटर होतो. तो रोज काढला नाही तर गर्दी वाढते, अन्न पुरत नाही, फौज म्हातारी होते आणि शेवटी गाळ पाण्याबरोबर बाहेर पडू लागतो. किती काढायचा आणि किती ठेवायचा, हेच एस.टी.पी. चालवणाऱ्याचं खरं कौशल्य.

ते ओळखायला प्रयोगशाळा लागते असं नाही. हवेच्या टाकीतलं पाणी १ लिटरच्या मोजपात्रात घ्या आणि ३० मिनिटं हलवू नका. गाळ साधारण ३०० मिलिलिटरवर बसला आणि वरचं पाणी निवळ असेल तर तब्येत उत्तम. गाळाचं प्रमाण लिटरला ३ ग्रॅम धरलं तर निर्देशांक १०० येतो. तो १५० च्या वर गेला तर फौजेत दोऱ्यासारख्या लांब जिवाणूंची भरती झाली आहे, ते गाळ बसू देत नाहीत. हवा कमी पडणं किंवा मेसचं तेल टाकीत येणं ही त्याची नेहमीची कारणं. रंग चॉकलेटी आणि वास ओल्या मातीचा असेल तर ठीक. काळा रंग आणि सडका वास आला तर हवा कमी पडते आहे. सूक्ष्मदर्शकाखाली देठावर घंटेसारखा डोलणारा व्हॉर्टिसेला दिसला तर समजा टाकी खुशीत आहे. तो सुट्या जिवाणूंना गट्ट करतो आणि पाणी निवळ ठेवतो.

सुट्टी लागली की उपासमार

हॉस्टेलच्या एस.टी.पी.चं एक दुखणं शहराच्या प्रकल्पाला नसतं. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की ५०० जणांचं सांडपाणी एकदम बंद. टाकीतली फौज उपाशी. महिनाभरात बरीचशी मरते. त्यात वीज वाचवायला कुणी ब्लोअर पूर्ण बंद केला तर उरलेलीही गुदमरते. मग कॉलेज सुरू झालं की पहिल्या दिवशी सगळं सांडपाणी एकदम येतं, खाणारं कुणी नसतं, आणि पंधरा दिवस सगळं आवार घाण वासाने भरतं. त्यावर उपाय आहेत. सुट्टीत ब्लोअर थोड्या थोड्या वेळाने चालवावा. अधूनमधून गुळाचं पाणी आणि थोडं खत टाकावं, कारण जिवाणूंच्या जेवणात १०० भाग बी.ओ.डी.ला ५ भाग नायट्रोजन आणि १ भाग फॉस्फरस लागतो. आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधी जवळच्या चालू प्रकल्पातून टँकरभर गाळ विरजणाला आणावा. आपल्याकडे शेणकालाही टाकतात.

हवा नसलेली टाकी

सेप्टिक टँकमध्ये हवा नसते. तिथे दुसरीच मंडळी कामाला. आधी घाणीचं आम्ल करणारे, मग आम्लाचा मिथेन करणारे. दुसरी तुकडी संथ आणि नाजूक, सामू सातच्या आसपास असला तरच रमणारी. गोबर गॅस म्हणतो तो हाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या वसतिस्थानी सांडपाण्यातून निघणारा गॅस वापरला जात होता.

याच टाकीत एक तिसरी जात असते, ती सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करते. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचा. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून चेंबरच्या तळाशी साचतो. घट्ट गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो. आणि सर्वांत घातक गोष्ट ही की प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं वायू गेला. मग काही श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. वर्तमानपत्रात 'सेप्टिक टँकमध्ये तिघांचा मृत्यू' अशी बातमी येते ती बहुधा अशीच घडलेली असते.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये भरपाई ठरवली, ती २०२३ मध्ये ३० लाख केली. पण पैशाने माणूस परत येत नाही. आपल्या आवारात टाकी तुंबली आणि कुणी 'एक माणूस आत सोडून बघू' म्हणालं, तर तिथेच थांबवायचं. काम सक्शन गाडीचं आहे. कुणी आत पडलाच तर मागोमाग उडी न मारता अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन करायचा. टाकी तुंबण्याची कारणं बहुतेक वेळा आपल्याच खोलीतून गेलेली असतात, हेही ध्यानात असू द्या.

आपल्याला काय करता येईल

भाषण झालं, आता कामाचं बोलू.

१. वरची टाकी तीन-चार महिन्यांतून एकदा रिकामी करून घासली जाते का आणि झाकण नीट बसतं का, हे हॉस्टेल कमिटीने पाहावं. धुतल्याची तारीख टाकीवरच रंगवावी.

२. अवशिष्ट क्लोरीनची चाचणी रोज करावी, तीही टाकीपासून सर्वांत लांबच्या नळावर. आकडा मेसच्या फळ्यावर मेन्यूशेजारी लिहावा. मेन्यू तसाही रोज तोच असतो, निदान हा आकडा तरी वाचण्यासारखा असेल!

३. पावसाळ्याच्या तोंडाला एच-टू-एस बाटलीची चाचणी करावी. बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर पाणी उकळूनच प्यायचं आणि गळती शोधायची. पाण्याला खळखळून उकळी आली की ई विषाणूपासून क्रिप्टोस्पोरिडियमपर्यंत सगळे गार.

४. कूलर आणि आर.ओ.ची साठवण टाकी ठरलेल्या दिवशी आतून धुवावी.

५. मेसचं उरलेलं तेल मोरीत ओतू नये. तेल पकडणारा चेंबर दर आठवड्याला साफ करावा.

६. संडासात ॲसिडचे आणि फिनाइलचे पाट वाहवू नयेत. वर जे जंतू मारतं ते खाली आपली फौजही मारतं.

७. सॅनिटरी पॅड, रेझरची पाती, गुटख्याच्या पुड्या यांच्यासाठी कचऱ्याचा डबा आहे. जिवाणू प्लास्टिक खात नाहीत.

८. शुद्ध केलेलं सांडपाणी बागेला आणि फ्लशला वापरावं, पण त्याचे पाइप वेगळ्या रंगाचे हवेत. दोन्ही पाइप एकदा चुकून जोडले गेले की हॅम्बुर्ग आपल्याच हॉस्टेलात.

शेवटी एक गोष्ट. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात येते, आणि उजनीचं पाणी सोलापूरकर पितात. एल्बकाठचं गणित आपल्या नकाशावरही आहे. आपली खालची टाकी ही पुढच्या कुणाची तरी वरची टाकी असते, आणि आपली वरची टाकी मागच्या कुणाची तरी खालची. सूक्ष्मजीव आपलं काम चोख करतात, अन्न, हवा आणि वेळ मिळेल तिथे. ते कुठे मिळू द्यायचं आणि कुठे नाही, एवढंच ठरवणं आपल्या हातात आहे. तेवढं जरी आपण नीट ठरवलं तरी पुष्कळ!